क्रम, कोन आणि ओळख : थ्री फेज ट्रान्सफॉर्मरमधल्या फेरक्रमाचा आढावा

मोटर उलटी फिरू लागली, की वायरमन स्टार्टरमधल्या कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करतो आणि मोटर सुलटी होते. पिठाच्या गिरणीपासून गुऱ्हाळापर्यंत आणि विहिरीवरच्या पंपापासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत हा इलाज सगळ्यांना ठाऊक आहे. मोटरपुरता तो अगदी बरोबरही आहे. तोच इलाज ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगपाशी केला, तर मात्र त्याचे काही परिणाम मोटरच्या फिरण्यावरून कधीच कळत नाहीत.

मोटरला एकच गोष्ट लागते : तीन फेज कोणत्या क्रमाने येतात. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. पहिली, फेजचा क्रम. दुसरी, एचटी (उच्च दाब) आणि एलटी (कमी दाब) बाजूंच्या व्होल्टेजमधला कोन. तिसरी, ओळख : ज्या तारेला आपण आर म्हणतो, ती शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या आरशी खरोखर जुळते का. यातली एक बरोबर निघाली म्हणून उरलेल्या दोन बरोबर ठरत नाहीत. या विषयातले बहुतेक गोंधळ ही तीन उत्तरे एकच समजल्यामुळे होतात. म्हणून या लेखात ती वेगळी करून पाहू.

क्रमाची गोष्ट

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. आर फेज शिखरावर पोचली की सुमारे ६.६७ मिलिसेकंदांनी वाय आणि तितक्याच वेळाने बी शिखरावर पोचते. एका उखळात तिघींनी आळीपाळीने मुसळ घालावे तशी ही पाळी अखंड चालते. तिघींतल्या पहिलीपासून मोजा किंवा दुसरीपासून, पाळी तीच राहते. पण कोणत्याही दोघींनी जागा बदलली की पाळी उलटते. तीन तारा तीन टर्मिनलना जोडण्याचे एकूण सहा प्रकार होतात. त्यांतल्या तीन प्रकारांत क्रम आर-वाय-बी राहतो आणि उरलेल्या तीन प्रकारांत आर-बी-वाय. हे ‘तीन’ लक्षात ठेवायचे आहेत, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

ह्या क्रमाचे सामर्थ्य पहिल्यांदा फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने समोर आले. इटलीत गॅलिलेओ फेरारीस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. १८८८ साली फेरारीस यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि टेस्लांना पेटंटे मिळाली. तीन फेजची, पिंजरा रोटरची मोटर आणि तीन फेजचा ट्रान्सफॉर्मर व्यवहारात आणला तो जर्मनीत काम करणाऱ्या मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी. १८९१ साली लाउफेन येथील धबधब्याची वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोचली, तेव्हा ह्या पद्धतीवर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर पाव शतकाच्या आत, १९१५ साली, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती.

क्रम उलटल्याची शिक्षा प्रत्येक यंत्राला वेगळी मिळते. पंखा उलटी हवा फेकतो, ते लगेच दिसते. बोअरमधल्या सबमर्सिबल पंपाचे फिरणे डोळ्यांना दिसत नाही. तो सेंट्रिफ्यूगल जातीचा असल्यामुळे उलटा फिरला तरी पाणी वरच ढकलतो, पण कमी. म्हणून अनुभवी पंप मेकॅनिक दोन्ही दिशांनी चालवून पाहतो आणि ज्या दिशेने पाणी जास्त पडते ती कायम करतो. लांब शाफ्टच्या व्हर्टिकल टर्बाइन पंपात शाफ्टचे तुकडे आट्यांनी जोडलेले असतात. तो उलटा फिरला तर ते आटे सुटू लागतात. वातानुकूलन यंत्रांमधला स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा चालला तर गॅस दाबला जात नाही आणि कॉम्प्रेसर तापून बिघडतो. लिफ्टमध्ये तर क्रम चुकला की रिले सप्लायच तोडतो. मेनवर नीट चालणारी लिफ्ट जनरेटरवर अडून बसली, की बहुतेक वेळा जनरेटरचा क्रम उलटा जोडलेला असतो.

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट निराळी आहे. त्याच्यात फिरणारे काहीच नाही. आर-वाय-बी दिले काय आणि आर-बी-वाय दिले काय, तो तितकाच गुणगुणतो, तितकाच तापतो, तितकेच व्होल्ट देतो. जो क्रम एचटीला येईल, तोच क्रमाने जोडलेल्या एलटी टर्मिनलवर उतरतो. म्हणजे क्रम चुकल्याची तक्रार ट्रान्सफॉर्मर स्वतः कधीच करत नाही. ती करतात त्याच्या पुढे जोडलेली यंत्रे, आणि त्यांना फक्त क्रमच कळतो.

कोन कुठून येतो

गावाच्या वेशीवर किंवा शेताच्या बांधावर जी डीपी, म्हणजे वितरणाचा ट्रान्सफॉर्मर, उभी असते, तिच्या नेमप्लेटवर बहुधा डीवायएन-११ असे लिहिलेले असते. डी म्हणजे एचटी वाइंडिंग डेल्टात. वाय म्हणजे एलटी स्टारमध्ये. एन म्हणजे स्टारचा मधला बिंदू न्यूट्रल म्हणून बाहेर काढलेला. आणि ११ हा घड्याळातला आकडा. एचटीच्या फेजचा काटा बारावर धरला तर एलटीच्या त्याच फेजचा काटा अकरावर असतो. एक तास म्हणजे ३० अंश, त्यामुळे एलटी एचटीच्या ३० अंश पुढे असते.

ही जोडणी निवडण्याला पक्की कारणे आहेत. घरोघरी सिंगल फेज द्यायची तर न्यूट्रल हवाच. तो स्टारमधून मिळतो. तिन्ही फेजवरचा भार कधी सारखा नसतो. डेल्टामुळे तो असमतोल सोसता येतो. शिवाय गाभ्याच्या चुंबकनासाठी लागणारे तिसऱ्या हार्मोनिकचे प्रवाह डेल्टाच्या आतल्या आत फिरतात, त्यामुळे व्होल्टेजचा आकार बिघडत नाही.

३० अंश मात्र कुणी मुद्दाम घातलेले नाहीत. ते ह्या जोडणीबरोबर येतात. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या पहिल्या पायावर दोन वाइंडिंग असतात. एलटीचे वाइंडिंग न्यूट्रल आणि एलटी आर यांच्यामध्ये आहे. एचटीचे वाइंडिंग डेल्टात असल्यामुळे ते आर आणि वाय या दोन तारांमध्ये आहे. एकाच पायावर असल्याने दोघांचे व्होल्टेज एकाच तालात चढते-उतरते. म्हणजे एलटीचा आर हा एचटीच्या ‘आर ते वाय’ व्होल्टेजशी जुळतो. आणि आर-वाय-बी या क्रमात ‘आर ते वाय’ व्होल्टेज आरच्या स्वतःच्या व्होल्टेजपेक्षा ३० अंश पुढे असते. अकराचा आकडा येतो तो इथून.

या स्पष्टीकरणात एक अट दडलेली आहे : ‘आर-वाय-बी या क्रमात’. समजा एचटीच्या वाय आणि बी तारांची अदलाबदल झाली. आता पहिल्या पायावरचे वाइंडिंग आर आणि बी यांच्यामध्ये आले. ‘आर ते बी’ व्होल्टेज आरच्या ३० अंश मागे असते. ट्रान्सफॉर्मर तोच, वाइंडिंग तेच, नेमप्लेट तीच. पण एलटी आता एचटीच्या पुढे असायची ती मागे पडली. अकराचा ट्रान्सफॉर्मर एकचा होऊन बसला. नेमप्लेटवरचा घड्याळाचा आकडा खरा ठरतो तो क्रम सुलटा असेल तेव्हाच. ह्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा मुद्दा हाच आहे.

दोन चुकांची बेरीज

आता एक प्रसंग पाहू. तो काल्पनिक आहे, पण लाइनवर काम करणाऱ्या कुणालाही अनोळखी वाटणार नाही. पावसाळी वादळात डीपीचे एचटी जंपर तुटतात. अंधारात, घाईने नवे जंपर बांधले जातात आणि त्यात वाय-बीची अदलाबदल होते. डीपी चार्ज होते, दिवे लागतात. सकाळी गिरणीवाल्याची मोटर उलटी फिरते, शेजारच्या पंपाचे पाणी कमी येते. तक्रार येते. आता पुन्हा एचटी बंद करून, परमिट घेऊन जंपर सुधारण्यापेक्षा एलटीच्या बाजूला दोन केबल बदलणे सोपे. तसे केले जाते. सगळ्या मोटरी सुलट्या होतात. क्रम तपासायचे यंत्र लावले तर तेही ‘बरोबर’ म्हणते. काम फत्ते झाल्यासारखे वाटते.

क्रम खरोखरच बरोबर झाला आहे. पण कोन बिघडलेलाच राहिला आहे. एचटीवरच्या अदलाबदलीने अकराचा एक झाला होता. एलटीवरच्या अदलाबदलीने क्रम परतला, कोन परतला नाही. शेजारची डीपी अकराच्या जागी आहे, ही एकच्या जागी. दोन तासांचा फरक, म्हणजे ६० अंश. आणि हा हिशेब एलटीवर एचटीसारख्याच, म्हणजे वाय-बी याच केबल बदलल्या असे धरून आहे. दुसऱ्याच जोडीची अदलाबदल केली तर काय होते? तिन्ही शक्यता मांडून पाहिल्या, तर ट्रान्सफॉर्मर एक, पाच किंवा नऊच्या जागी जातो. अकराशी तुलना केली तर दोन वेळा ६० अंशांचा आणि एकदा १८० अंशांचा फरक येतो. शून्य फरक एकाही मार्गाने येत नाही. एचटीवरची चूक एलटीवर सुधारता येत नाही, हे इथे गणितानेच ठरते.

ही डीपी एकटी चालत राहिली तर वर्षानुवर्षे कुणालाच काही कळणार नाही. संकट येते ते शेजारच्या डीपीची एलटी लाइन हिच्याशी जोडली जाते तेव्हा : एखादी डीपी जळाली म्हणून दुसरीवरून सप्लाय फिरवताना, किंवा कारखान्यात दोन ट्रान्सफॉर्मरांना जोडणारा स्विच, म्हणजे बसकपलर, टाकताना. ४३३ व्होल्टच्या व्यवस्थेत फेज ते न्यूट्रल २५० व्होल्ट असतात. कोनात ६० अंशांचा फरक असेल तर दोन ‘आर’ तारांमध्येही २५० व्होल्टच दिसतात. १८० अंशांचा असेल तर ५००. समजा दोन्ही ट्रान्सफॉर्मर सारख्या क्षमतेचे आणि प्रत्येकाचा इम्पीडन्स ४.५ टक्के. मग ६० अंशांच्या फरकावर स्विच टाकला तर दोघांमधून पूर्ण भाराच्या सुमारे ११ पट प्रवाह फिरतो. १८० अंशांना २२ पट. कोणतीही मोटर चालू नसताना, कोणताही शॉर्ट नसताना हा प्रवाह वाहतो, आणि त्याचा फटका बसतो स्विचपाशी उभ्या असलेल्या माणसाला.

याच गणिताची दुसरी बाजू उपयोगाची आहे. एखाद्या ठिकाणी एक ट्रान्सफॉर्मर डीवायएन-११ आणि दुसरा डीवायएन-१ असेल, तर दुसऱ्याच्या एचटीच्या दोन फेज आणि एलटीच्या त्याच दोन फेज विचारपूर्वक बदलून तो पहिल्याशी समांतर जोडता येतो. अभियंत्यांना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वादळाच्या रात्री नकळत होते ते आणि इथे नकाशा काढून, मोजून केले जाते ते, एकच काम आहे. फरक फक्त मोजणीचा आहे. मात्र स्टार-स्टार, म्हणजे शून्य किंवा सहाच्या आकड्याचा ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टारच्या विषम आकड्याशी कोणत्याही अदलाबदलीने जुळत नाही. तारा बदलून कोन एका वेळी ६० अंशांच्या पटीतच सरकतो; मधले ३० अंश भरून निघत नाहीत.

तपासणीची साधने आणि त्यांच्या मर्यादा

क्रम तपासायचे सर्वांत जुने साधन म्हणजे दोन दिवे आणि एक कपॅसिटर, तिघांचा स्टार. कपॅसिटरचा रोध दिव्याच्या रोधाइतका असला, तर एका दिव्यावर फेज व्होल्टेजच्या जवळपास दीडपट आणि दुसऱ्यावर ०.४ पट व्होल्ट येतात. कपॅसिटर ज्या फेजवर, तिच्यानंतरची फेज प्रखर दिव्याची आणि त्यानंतरची मंद दिव्याची. दीडपट म्हणजे सुमारे ३७५ व्होल्ट, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन दिवे सिरीजमध्ये लावतात. नंतर फिरत्या चकतीचे मीटर आले, आता इलेक्ट्रॉनिक आले. तिन्ही साधने एकच गोष्ट सांगतात : क्रम. पाळीतली पहिली आर आहे की बी, हे त्यांना कळत नाही. आर-वाय-बी ऐवजी तिन्ही तारा एक-एक घर सरकून वाय-बी-आर जोडल्या, तरी ती ‘बरोबर’च म्हणतात. पण त्या अवस्थेत दोन व्यवस्थांच्या ‘आर’ तारांमध्ये पूर्ण ४३३ व्होल्ट असतात.

कोन तपासायला व्हेक्टर ग्रुपची चाचणी आहे, आणि ती शाळेतल्या भूमितीइतकी स्वच्छ आहे. ११,०००/४३३ व्होल्टचा डीवायएन-११ ट्रान्सफॉर्मर घ्या. एचटीचे १यू आणि एलटीचे २यू टर्मिनल (यू, व्ही, डब्ल्यू म्हणजे आर, वाय, बी) तारेने जोडा आणि एचटीला ४१५ व्होल्ट थ्री फेज द्या. एलटीवर सुमारे १६ व्होल्ट येतात. आता एचटी आणि एलटी टर्मिनलांमधली व्होल्टेज मोजा. १व्ही पासून २व्ही आणि २डब्ल्यू दोन्ही सारखेच, सुमारे ४०१ व्होल्ट. १डब्ल्यू ते २डब्ल्यू पण ४०१. मात्र १डब्ल्यू ते २व्ही सुमारे ४१५. डीवायएन-१ असता तर ४१५ हा आकडा १व्ही ते २डब्ल्यू या जोडीत आला असता. म्हणजे ४०१ आणि ४१५ हे दोन आकडे कोणत्या जोडीत पडतात, त्यावरून ट्रान्सफॉर्मरची ओळख पटते. चौदा व्होल्टचा हा फरक असल्याने मीटर चांगला हवा आणि मोजताना सप्लाय स्थिर हवा.

ह्या चाचणीलाही एक मर्यादा आहे. तिच्यात आपण व्होल्टेजची अंतरे मोजतो. टेस्ट सप्लायचा क्रम उलटा असला तर सगळी आकृती आरशातल्यासारखी उलटते; पण आरशात अंतरे बदलत नाहीत. म्हणून आकडे तेच येतात. ही चाचणी वाइंडिंग कसे जोडले आहे ते सांगते. जागेवर त्याला कोणत्या क्रमाची वीज मिळणार आहे, ते सांगू शकत नाही. कारखान्यातले टेस्ट सर्टिफिकेट अचूक असूनही वरच्या प्रसंगातली डीपी चुकीची ठरते ती यामुळेच.

राहिली ओळख. तिच्यासाठी एकच खात्रीची तपासणी आहे : समांतर जोडण्यापूर्वी उघड्या स्विचच्या दोन बाजूंमधले व्होल्टेज मोजणे. दोन्ही न्यूट्रल एकत्र असले पाहिजेत. मग आर-आर, वाय-वाय, बी-बी यांच्यात जवळपास शून्य आणि इतर सहा जोड्यांत सुमारे ४३३ आले, तर क्रम, कोन आणि ओळख तिन्ही एकदम सिद्ध होतात. नऊ मोजण्या, काही मिनिटांचे काम. एचटीला हेच काम इन्सुलेटेड फेजिंग स्टिकने, प्रशिक्षित माणसाने करायचे असते. १२९ व्होल्ट दिसले तर ३० अंश, २५० दिसले तर ६० अंश, ४३३ दिसले तर १२० अंश, ५०० दिसले तर १८० अंश : मीटरवरचा आकडाच चूक कोणती ते सांगतो.

ओळखीच्या वाटेत रंगही आडवे येतात. आपल्याकडे लाल, पिवळा, निळा हे फेजचे आणि काळा न्यूट्रलचा, ही सवय हाताला लागलेली आहे. युरोपातून येणाऱ्या यंत्रांत तपकिरी, काळा आणि करडा हे फेजचे आणि निळा न्यूट्रलचा असतो. ब्रिटनने जुने लाल-पिवळे-निळे सोडून २००४ ते २००६ दरम्यान हेच रंग स्वीकारले. आपला काळा न्यूट्रल म्हणजे त्यांची फेज आणि आपली निळी फेज म्हणजे त्यांचा न्यूट्रल. अमेरिकेत तर काही वीज कंपन्यांच्या जाळ्यात क्रमच इतरांपेक्षा उलटा ठरवलेला आहे. तेव्हा रंगावर विसंबणे कुठेच पुरेसे नाही.

फोर्टेस्क्यूची देणगी

हा विषय गणिताच्या पक्क्या पायावर उभा राहिला तो १९१८ साली. चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी दाखवले, की तीन फेजची कितीही वेडीवाकडी व्होल्टेज असली, तरी ती तीन सरळ घटकांत विभागता येतात : सुलट्या क्रमाचा समतोल संच, उलट्या क्रमाचा समतोल संच आणि तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी येणारा शून्य क्रमाचा संच. म्हणजे उलटा क्रम हा फक्त जोडणीच्या चुकीतून येत नाही. प्रत्येक असमतोलात तो थोडाफार हजर असतो.

ग्रामीण महाराष्ट्रात याचा अनुभव कुणाला नाही? डीपीवरचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडतो. मग एका फेजवरचे दिवे नीट लागतात आणि दोन फेजवरचे मिणमिणतात. कारण स्पष्ट आहे. एचटीची एक तार गेली की उरलेल्या दोन तारांमध्ये एका वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज मिळते आणि इतर दोन वाइंडिंग सिरीजमध्ये येऊन प्रत्येकी निम्मे वाटून घेतात. एलटीवर २५०, १२५, १२५ अशी विभागणी होते. मोटर चालू केली तर ती जागेवर घुमते, फिरत नाही. फोर्टेस्क्यूच्या पद्धतीने हिशेब केला तर कारण कळते : सुलट्या आणि उलट्या क्रमाचे घटक नेमके सारखे, प्रत्येकी निम्मे येतात. एक उजवीकडे ओढतो, दुसरा तितक्याच जोराने डावीकडे. तीन तारांत वीज आहे, पण क्रम उरलेला नाही. अशा वेळी स्टार्टर दाबून धरणे म्हणजे वाइंडिंग जाळणे. म्हणून शेतीपंपाच्या पॅनेलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर चालू असलाच पाहिजे. तो बायपास करणे परवडत नाही.

कोनाचा नियम इथेही लागू पडतो. डीवायएन-११ मधून जाताना सुलटा घटक ३० अंश पुढे सरकतो आणि उलटा घटक ३० अंश मागे. त्यामुळे एलटीवरच्या दोषाचे रूप एचटीवर बदलून दिसते. एलटीवर एक फेज जमिनीला टेकली तर एचटीवर दोन तारांमध्ये प्रवाह दिसतो. एलटीवर दोन फेज एकमेकींना चिकटल्या तर एचटीवरच्या तीन तारांतले प्रवाह एक, एक आणि दोन या प्रमाणात येतात. फ्यूज आणि रिलेची निवड करणाऱ्याला हे माहीत हवेच.

हाच गुण एका मोठ्या कामी आला आहे. चंद्रपूर ते पडघे या ±५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉटच्या डीसी लाइनच्या दोन्ही टोकांना बारा पल्सचे कन्व्हर्टर आहेत. त्यांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांची दुय्यम वाइंडिंग एका संचात स्टार, दुसऱ्यात डेल्टा असतात. दोघांत ३० अंशांचे अंतर. पाचवा हार्मोनिक उलट्या क्रमाचा आणि सातवा सुलट्या क्रमाचा असल्यामुळे ते दोन संचांतून विरुद्ध कोनांनी येऊन एसी बाजूला एकमेकांना खोडतात. डीपीवर त्रास देणारा नियम इथे फिल्टरचा खर्च वाचवतो.

रिले, मीटर आणि मुद्दाम केलेली अदलाबदल

ट्रान्सफॉर्मरच्या डिफरन्शियल रिलेला दोन्ही बाजूंच्या प्रवाहांतला ३० अंशांचा फरक आधी भरून काढावा लागतो. पूर्वी हे सीटींच्या (करंट ट्रान्सफॉर्मरांच्या) स्टार-डेल्टा जोडणीने व्हायचे, आता संख्यात्मक रिलेत व्हेक्टर ग्रुप भरून होते. क्रम उलटा असेल आणि रिलेत तसे सांगितले नसेल, तर भरपाई भलत्या दिशेने होऊन ६० अंशांचा फरक उरतो आणि रिलेला भाराइतकाच ‘दोष’ दिसतो. निर्दोष ट्रान्सफॉर्मर ट्रिप होतो. निगेटिव्ह सिक्वेन्स रिलेला तर सगळा भारच उलट्या क्रमाचा वाटतो. फेज व्होल्टेजची अदलाबदल करून रिॲक्टिव्ह युनिटे मोजणारी जुनी मीटरे क्रम उलटला की उलटी मोजतात.

आणि काही ठिकाणी क्रम रोज मुद्दाम उलटवला जातो. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात एकच यंत्र पाणी खाली येताना जनित्र आणि पाणी वर चढवताना मोटर म्हणून चालते, आणि दोन कामांसाठी ते दोन विरुद्ध दिशांनी फिरते. जाळ्याचा क्रम बदलणार नाही, म्हणून अशा केंद्रांत यंत्राच्या दोन फेज बदलणारा स्विच बसवतात. तो यंत्र आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये ठेवला तर ट्रान्सफॉर्मरला दोन्ही वेळी सुलटा क्रमच मिळतो. ट्रान्सफॉर्मरपलीकडे ठेवला तर पंपिंगच्या वेळी त्याचा कोनही उलटेल. यंत्राच्या रिलेंना मात्र कोणत्या वेळी कोणता क्रम चालू आहे, हे दर वेळी सांगावेच लागते.

रेल्वेची २५ किलोव्होल्टची सबस्टेशने जाळ्यातून दोनच फेज घेतात. लागोपाठच्या सबस्टेशनांनी आर-वाय, वाय-बी, बी-आर असे फेर धरले, की एकूण भार तिन्ही फेजवर वाटला जातो. दोन सबस्टेशनांच्या हद्दीवर न्यूट्रल सेक्शन ठेवावा लागतो, कारण तिथे दोन वेगळ्या कोनांच्या तारा समोरासमोर येतात.

या सगळ्यांत मोठी जुळवाजुळव ३१ डिसेंबर २०१३ रोजी झाली. रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एकतालात जोडले गेले. तेव्हापासून भारताचे जाळे एकाच वारंवारितेवर धडधडते. सोलापूरच्या सबस्टेशनात आणि एखाद्या गावातल्या डीपीवर तपासायचे प्रश्न तेच आहेत : क्रम एक आहे का, कोन जुळतो का, तार तीच आहे का. मोठ्या सबस्टेशनांत हे सिंक्रोस्कोप, रिले आणि लेखी कार्यपद्धती यांच्याकडून पक्के होते. डीपीवर ते एका माणसाच्या हातावर आणि आठवणीवर सोडलेले असते.

काय करायला हवे

ह्या आढाव्यातून निघणारा माझा आग्रह साधा आहे. जिथे चूक झाली तिथेच ती सुधारा. एचटी जंपर चुकला असेल तर एचटी बंद करून तोच बदला. एलटीवर दोन केबल फिरवून मोटरींना गप्प करू नका. मोटर एकट्या ग्राहकाकडे उलटी फिरत असेल तर त्याच्या स्टार्टरवर बदल करा. सगळ्यांकडे एकदम उलटी फिरू लागली असेल तर चूक डीपीवर किंवा तिच्या वर आहे, हे गृहीत धरा.

दुसरे, जंपर सोडण्यापूर्वी तिन्ही तारांवर खुणा बांधा आणि काम झाल्यावर क्रम तपासून डीपीच्या पेटीत तारखेसह लिहून ठेवा. कुणी मुद्दाम अदलाबदल केली असेल तर तीही तिथे लिहिलेली असू द्या. पुढच्या वादळात येणारा माणूस वेगळा असतो आणि त्याच्या हाती ही नोंद असली तर त्याचा जीव वाचू शकतो.

तिसरे, दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडण्यापूर्वी नऊ मोजण्या करा. नेमप्लेट सारखी आहे, क्रमाचे मीटर बरोबर म्हणते, मोटरी सुलट्या फिरतात, ही तिन्ही कारणे एकत्र केली तरी ती त्या मोजण्यांची जागा घेत नाहीत. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ‘दोन वायरी बदला’ हा धडा शिकवताना त्याच तासाला ६० अंशांचे २५० व्होल्टही शिकवले जावेत. पहिला धडा मुलांना मोटर दुरुस्त करायला पुरतो. बसकपलरपाशी उभे राहण्यासाठी दुसरा लागतो.